कुऱ्हाडबंदीच्या गावात

मे महिन्यातला रविवार होता, सकाळचे साडेसात. टिकावाच्या चौथ्या-पाचव्या घावानंतर मी सुटी झालेली माती हातानं मागं ओढली आणि तिच्यात काहीतरी ओलं, पिवळं चमकलं. आधी वाटलं कुणीतरी फळ खाऊन टाकलं असेल. मग कवचाचा तुकडा दिसला. मातीच्याच रंगाचा, वर काळसर डाग. टोपल्याएवढ्या मोकळ्या जागेत, बोटभर खोल खळग्यात, बारीक खड्यांच्या मध्ये चार अंडी होती. एक फुटलं होतं. दुसरं मी उपसलेल्या मातीखाली गेलं होतं. दोन तशीच होती.

पक्षी मघापासून ओरडत होता. डोक्यावरून फेरी मारायचा, पुढं जाऊन बसायचा, परत यायचा. मी ऐकत होतो, पण टिटवी म्हटलं की ओरडणारच, असं आपण धरून चालतो. ही माळटिटवी होती. पाय पिवळे, चोचीजवळची लोंबती कातडी पिवळी, डोक्यावर काळी टोपी. नदीकाठच्या टिटवीपेक्षा बुजरी. ही उघड्या, कोरड्या माळावरच अंडी घालते आणि तीही बहुतेक उन्हाळ्यात. ऊन फार झालं तर पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवते. हे मला नंतर कळलं. त्या सकाळी मला एवढंच माहीत होतं की मी झाडासाठी खड्डा खणतोय. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. जूनमध्ये तिथं रोप लागणार होतं.

मी माती परत लोटली, पाच पावलं सरकलो आणि दुसरीकडं खणायला लागलो. कुणाला काही सांगितलं नाही. दुपारी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खड्ड्यांच्या रांगेचा फोटो टाकला, खाली हिरवं हृदय. एक्याऐंशी लोकांनी अंगठे दिले. संध्याकाळी परत गेलो तेव्हा उरलेली दोन अंडीही नव्हती. कावळ्यानं नेली असतील, मुंगसानं नेली असतील. मी जागा उघडी केली होती हे मात्र नक्की.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पलीकडं, पाऊस जिथं येता येता थकतो त्या पट्ट्यात. गावाच्या वेशीवर पाटी आहे: नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. आदर्श गावाची ही पंचसूत्री राळेगणसिद्धी, हिवरे बाजारपासून अनेक गावांनी घेतली, आमच्यानंही घेतली. पहिलीचं काय झालं ते विचारू नका. पण कुऱ्हाडबंदी आम्ही खरोखर पाळली. शाळेच्या भिंतीवर तुकोबांचा झाडांवरचा अभंग रंगवलेला आहे, तो कोणता हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. असल्या गावात वाढलेल्या माणसाच्या मनात झाड लावणं हे बिनशर्त चांगलं काम असतं. त्याला प्रश्न विचारायचे नसतात. आईला औक्षण का करतेस असं विचारत नाही, तसं.

आणि हे बिनशर्त चांगलं काम मी ज्या जागेत करत होतो, ती जागा सातबाऱ्यावर गायरान आहे, बोलण्यात पडीक आहे आणि सरकारी नकाशात वेस्टलँड. देशाचा वेस्टलँड ॲटलास निघतो, त्यात झुडपी माळाला स्वतंत्र रकाना असतो. इंग्रजांच्या काळापासून जमिनीकडं बघायच्या दोनच नजरा ठरल्या: सारा देते ती शेती, लाकूड देते ते जंगल. दोन्ही न देणारी ती ओसाड. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. आधी २ कोटी, मग ४, मग १३, मग ३३ कोटी असं तिचं लक्ष्य वाढत गेलं. एवढी झाडं लावायला जागा कुठं मिळणार? जिथं काहीच नाही तिथं.

फक्त तिथं काहीच नाही असं नव्हतं.

आता आमच्या माळाचं वर्ष सांगतो, कारण ते मी गेली तीन वर्षं वहीत लिहितोय. मृगाचा पहिला पाऊस पडला की लाल मखमली किडे निघतात, दोन-तीन दिवस, मग गायब. पावशा ओरडायला लागतो. चातक येतो. जुलैत गवत घोट्याएवढं होतं, आणि मग कळतं की गवत हा एक शब्द असला तरी ती एक वस्तू नाही: शेडा, पवन्या, डोंगरी, मारवेल, कुसळी. कुसळी तुमच्या मोज्यांना माहीत असेल. डोंबारी चंडोलाचा नर आभाळात चढतो आणि कोसळल्यासारखा खाली येतो, पुन्हा चढतो. गवत पिवळं पडू लागलं की भोवत्ये येतात. मध्य आशियातून निघालेले हे लांब पंखांचे शिकारी पक्षी गवतावरून अगदी कमी उंचीनं तरंगत नाकतोडे शोधतात आणि रात्री झाडावर जात नाहीत, गवतातच जमिनीवर झोपतात. गुजरातेतल्या वेळावदरची त्यांची रात्रवस्ती जगप्रसिद्ध आहे. आमच्याकडं एका हिवाळ्यात मी जास्तीत जास्त सात मोजले. मार्चपर्यंत ते जातात, मग माळ पांढरा पडतो, आणि ज्याला आपण उजाड म्हणतो त्या दोन-तीन महिन्यांत माळटिटवी अंडी घालते. त्याच महिन्यांत आपण खड्डे खणतो. पाऊस यायच्या आत खड्डे तयार पाहिजेत ना.

शिवाय खोकड आहे, ससे आहेत, आणि लांडगा आहे. भारतात सगळे मिळून सुमारे तीन हजार लांडगे उरलेत असा अंदाज आहे, आणि त्यांचं राहणं बव्हंशी अशाच, कुठल्याही अभयारण्यात न मोडणाऱ्या माळांवर. वाघाला जंगल आहे म्हणून वाघाला कायदा आणि पर्यटक आहेत. लांडग्याच्या घराचं नावच ओसाड.

आता अवघड भाग. माळाचा वरचा निम्मा तुकडा आधीच झाडांनी भरलेला आहे. सगळा गिरिपुष्प. पुण्याच्या टेकड्यांवर फिरत असाल तर तुम्ही तो पाहिलाय. फेब्रुवारीत पानं गळालेल्या फांद्यांवर गुलाबी फुलं येतात, तेव्हा रिल्समध्ये त्याला कुणीतरी आपल्याकडचा चेरी ब्लॉसम म्हणतं. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. गावात त्याला उंदीरमारी म्हणतात, कारण बिया आणि साल उंदरांना विषारी. फाटा रोवला तरी जगतो, आणि आमची गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणूनच तो लावायला निवडला. बांधावर लावा, पाला शेतात घाला, उत्तम खत आहे. मी त्याचा शत्रू नाही. पण माळावर तो दाटला की खाली सावली, कुजका पाला, आणि गवत संपलं. चंडोल तिथं जात नाही. भोवत्या तर नाहीच.

आणि तो पप्पांनी लावलाय.

एकट्यांनी नाही. १९८८च्या पावसाळ्यात त्यांच्या सातवीच्या वर्गानं. प्रत्येक पोराला पाच फाटे, डोक्यावर गोणपाटाची खोळ, गुरुजी पुढं. पप्पांची पाचही झाडं जगली आणि ती कोणती हे ते आजही दाखवतात. दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत आम्ही पाच-सहा जणांनी मांडलं की माळ निसर्ग राखीव म्हणून गावानंच ठेवावा, नवीन खड्डे थांबवावेत आणि वरचा गिरिपुष्प टप्प्याटप्प्यानं काढावा, तेव्हा सभेत पहिल्यांदा हसू फुटलं, मग आरडाओरडा झाला. एकजण म्हणाला, “शिकून आली पोरं आणि कुऱ्हाड मागायला लागली.” पप्पा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आजी बोलली. ७२च्या दुष्काळात ती पोटात पोर घेऊन खडी फोडायला जायची. तिला तो डोंगर तेव्हाचा आठवतो: गवताची काडी नाही, जनावरं दावणीला मेलेली. ती म्हणाली, “तुला बोडका माळ चांगला दिसतो कारण तू बोडक्या माळावर उपाशी राहिला न्हाईस.”

याला मी काय उत्तर देणार होतो? माझ्याकडं संशोधन होतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा २०२५ सालचा अभ्यास होता. त्यांनी जुन्या मराठी ओव्या, आख्यानं, संतचरित्रं चाळून त्यांतल्या झाडा-गवतांचे उल्लेख गोळा केले आणि दाखवलं की पश्चिम महाराष्ट्राचा हा कोरडा पट्टा काल-परवा जंगल तोडून उजाड झालेला नाही, तो निदान साडेसातशे वर्षं तरी विरळ झाडांचा गवताळ मुलूखच आहे. मला तो अभ्यास फार आवडतो. शास्त्रज्ञानं ओवीला साक्षीला बोलवावं यापेक्षा मोठा मान काय. पण आजीच्या वाक्यापुढं तो ठेवणं मला जमलं नाही. ती इतिहासाबद्दल बोलत नव्हती. हिरवा रंग तिच्यासाठी पोट भरल्याची खूण आहे, आणि ती खूण तिनं फार महागात मिळवली आहे.

तेव्हापासून मला छळणारा प्रश्न असा आहे: पप्पांचं चुकलं का? आणि चुकलं असेल, तर माझं त्या मे महिन्यातलं चुकणं आणि त्यांचं चुकणं एकच आहे का?

आपल्याकडं यावर एक तयार उत्तर असतं: हेतू चांगला होता ना, मग झालं. मला ते पटत नाही. हेतू बघून माणसाला माफ करता येतं, पण अंडं फुटायचं ते फुटतं. याच्या उलट, केवळ परिणाम बघून पप्पांच्या वर्गाला दोषी ठरवणंही खोटं आहे. १९८८ साली त्या गुरुजींना माळाबद्दल कुणी काय सांगितलं होतं? मला वाटतं फरक पक्ष्याच्या ओरडण्यात आहे. पप्पांना चूक दाखवणारं तिथं कुणी नव्हतं. मला होतं. ते डोक्यावर फेऱ्या मारत होतं, आणि मी ‘टिटवीच ती’ म्हणून सोडून दिलं. अज्ञानाची जबाबदारी घ्यायला लावणं अन्याय आहे, पण ऐकू येत असताना न ऐकणं हे अज्ञान नव्हे. ग्रुपवर टाकलेला तो फोटो तर नाहीच नाही.

निसर्गाच्या नीतिशास्त्रावर थोडं वाचलं तेव्हा आल्डो लिओपोल्ड भेटला. अमेरिकेतला वनाधिकारी. तरुणपणी त्यानं लांडगे मारले, कारण लांडगे कमी तर हरणं जास्त असा त्या काळचा हिशोब होता. पुढं त्यानं स्वतःच लिहिलं की तो हिशोब चुकीचा होता. १९३५ साली त्यानं विस्कॉन्सिनमधली एक झिजलेली शेतजमीन घेतली आणि बायको-मुलांसोबत तिला सावरत बसला, हजारो पाइन लावले आणि गवताळ प्रेअरीही परत आणायचा प्रयत्न केला. त्याचं पुस्तक तो गेल्यावर १९४९ला आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की माती, पाणी, झाडं, जनावरं, माणसं ही एक वस्ती आहे, आणि त्या वस्तीचं भलं ते भलं. ऐकायला छान. पण १९८३ साली टॉम रेगन नावाच्या तत्त्वज्ञानं यावर बोट ठेवलं: समूहाच्या भल्यासाठी एकेका जिवाला बळी द्यायची मुभा यातून मिळते, आणि त्याला त्यानं सरळ फॅसिझम म्हटलं.

मी पुस्तकात हे वाचलं तेव्हा रेगन जरा अति करतो असं वाटलं. मग डिसेंबरात आम्ही पहिली रांग तोडायला गेलो. परवानग्या, अर्ज, पंचनामा यात वर्ष गेलं होतं. तिसऱ्या झाडावर होल्याचं घरटं निघालं. चार काड्या, दोन पांढरी अंडी. होल्याला महिना-ऋतू फारसा लागत नाही. आता सांगा. भोवत्यासाठी, चंडोलासाठी, लांडग्यासाठी, म्हणजे जे अजून तिथं नाहीत त्यांच्यासाठी, जो आत्ता समोर बसलाय त्याचं घर पाडायचं? होला दुर्मीळ नाही. गावात विजेच्या तारेवर पन्नास बसलेत. पण ‘तू पुष्कळ आहेस’ हे कुणाला मारायचं कारण कसं होऊ शकतं? माणसाबद्दल हे वाक्य आपण ऐकूनसुद्धा घेणार नाही.

ते झाड आम्ही सोडलं. पिल्लं उडेपर्यंत. महिन्याभरानं तोडलं. म्हणजे प्रश्न सुटला नाही, लांबला. पण मला वाटतं पुष्कळ नैतिक प्रश्नांचं असंच असतं: त्यांना उत्तर नसतं, वेळापत्रक असतं. आम्ही आता तोडायच्या आधी प्रत्येक झाड खालून-वरून बघतो. फुलं आली की थांबतो, कारण तेव्हा मधमाश्यांना तोच आधार असतो. रांगेतलं प्रत्येक देशी झाड, हिवर, खैर, मेडशिंगी, लाल रिबीन बांधून ठेवतो. काम निम्म्यानं हळू होतं. वेगानं चांगलं काम करणाऱ्यांची मला आता थोडी भीती वाटते, कारण मी तो होतो.

दुसरा एक आक्षेप पुण्यातल्या मित्रानं घेतला, आणि तो माझ्या मते जास्त धारदार आहे. तो म्हणाला, तुम्ही माळ ‘परत’ आणताय म्हणजे नेमका कधीचा? शिवाजी महाराजांच्या वेळचा? आजीच्या लग्नाच्या वेळचा? आणि तुम्ही टिकाव-कुऱ्हाड घेऊन बनवलेला माळ हा खरा माळ कसा, तो तर माळाचा सेट. ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट एलियटनं १९८२च्या निबंधात जवळपास हेच म्हटलंय: निसर्ग उद्ध्वस्त करून पुन्हा तसाच उभा केला, तर तो चित्राच्या हुबेहूब नकलेसारखा आहे, त्याची घडण खोटी. त्याला खाणवाल्यांचं ‘आधी खोदतो, नंतर दुरुस्त करून देतो’ हे समर्थन मोडायचं होतं, आणि त्यांच्याविरुद्ध तो बरोबरच आहे. पण आमच्या माळावर ते लागू करताना मला एक अडचण दिसते. चित्रकार गेला की चित्र संपलेलं असतं. माळ कुणी एकानं कधी पुरा केलेलाच नव्हता. त्यावर मेंढरं चरली, वणवे लागले, पावसानं दगा दिला, आणि गवत दरवेळी त्यातून उठलं. आम्ही गवत पेरतही नाही. सावली काढतो आणि थांबतो. पहिल्या वर्षी तिथं कॉंग्रेस गवत आलं, ते उपटलं. दुसऱ्या वर्षी कडेनं डोंगरी आणि कुसळी आत सरकली. हे आम्ही बनवलं असं म्हणायची माझी हिंमत नाही.

‘कधीचा माळ’ याचं मात्र उत्तर मला एका मामांनी दिलं, आणि ते मला झोंबलं.

ते धनगर. त्यांचा वाडा फलटणकडचा. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, पावसाच्या तोंडाला वर येतात. आमच्या समितीनं ठरवलं होतं की राखीव माळ पावसाळ्यात चराईला बंद, गवताचं बी पडलं की कार्तिकानंतर खुला. शास्त्रानं चोख. मामांनी पाटी वाचून घेतली आणि विचारलं, “कार्तिकानंतर कुणासाठी खुला?”

“सगळ्यांसाठी. तुमच्यासाठीपण.”

“तवा आमी रोह्याला असतो, बाबा.”

आम्ही पंधरा माणसं, त्यातली चार पदवीधर, आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मामा पुढं म्हणाले, गवत खाल्लंच नाही तर दोन वर्षांत त्याची वाळकी गादी होते, नवीन कोंब दबतो, आणि मग एक बिडी पडली की सगळं जातं. मेंढरांच्या मागं लांडगा असतो. वर्षाला दोन-चार कोकरं नेतो. “त्याचा वाटा,” असं ते म्हणाले, पण हसून नाही. वाटा म्हणजे नुकसान नाही असं त्यांना म्हणायचं नव्हतं. “मेंढरं बंद केली तर लांडगा तुमच्या गवताकडं बघत बसंल का?”

चराईबंदी वेशीवरच्या पाटीवर आहे. ती गुरांच्या लोंढ्यापासून रोपं वाचवायला आली होती, जेव्हा गाव झाडं लावत होतं. आता आम्ही झाडं काढत होतो आणि बंदी मात्र तशीच उचलून आणली होती, कारण बंदी घातली की काम केल्यासारखं वाटतं. आणि ती पडली कुणावर, तर ग्रामसभेत ज्याला मत नाही त्याच्यावर. माळाच्या त्या साडेसातशे वर्षांत त्याची मेंढरं चालत होती. आम्ही गवत परत आणत होतो आणि गवताच्या माणसाला बाहेर ठेवत होतो.

आता माळाचे दोन भाग केलेत. एक पावसाळा एका भागात मेंढरं, दुसऱ्या पावसाळ्यात दुसऱ्यात. गावातले काही लोक अजून नाराज आहेत. बाहेरच्याला गायरान दिलं, असं म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या शेळ्या रात्री दोन्ही भागांत चरतात हा वेगळा विषय. यंदा मे महिन्यात कुणी खड्डा खणला नाही. मी पाच रविवार दुर्बीण घेऊन बांधावर बसलो. माळटिटवीची एक जोडी दिसली, अंडी मला सापडली नाहीत, आणि मी फार शोधलीही नाहीत.

गिरिपुष्पाचं एक आहे, तो तोडला की मरत नाही. मृगात बुंध्याला पुन्हा हिरवे धुमारे फुटले, प्रत्येक बुंध्याला आठ-दहा. ते दरवर्षी मोडावे लागणार, किती वर्षं ते माहीत नाही. पप्पा या वर्षी पहिल्यांदा वर आले. हातात कोयती होती. त्यांनी दोन तास धुमारे मोडले, मधे एकदा पाणी प्यायले. त्यांची पाच झाडं शेवटच्या रांगेत आहेत, शाळेच्या बाजूला. ती रांग पुढच्या डिसेंबरात यायची आहे. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. उतरताना म्हणाले, कोयतीला धार नव्हती, उद्या सासवडला गेलास तर कानस आण.